नर्सिंगच्या थिअरी आपल्या वॉर्डात खरंच उतरतात का?

पळसफूल
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आमच्याकडे नर्सिंगच्या मुली क्लिनिकल पोस्टिंगला येतात. मुली गुणी असतात, कामाला मागे हटत नाहीत. परवा एकीचं केसबुक तपासत होते. रुग्ण साठीच्या पुढची आजी, ताप आणि अशक्तपणा. वापरलेली थिअरी ओरेमची, म्हणजे रुग्ण स्वतःची काळजी कुठे घेऊ शकत नाही ते शोधणारी. चौकटी, बाण सगळं जिथल्या तिथं. मी विचारलं, आजी सकाळपासून पाणी का पीत नाहीये? तिला सांगता आलं नाही. वॉर्डातला संडास लांब आहे आणि आजीसोबत कुणी नाही, म्हणून ती पाणीच टाळत होती. जी गोष्ट ओरेमबाई शोधायला सांगतात, तीच केसबुकात नव्हती.

मुलगी म्हणाली, "मॅडम, थिअरी परीक्षेसाठी असते ना?" असं मी खूपदा ऐकलंय, जुन्या सिस्टरकडूनही. मला ते अजिबात पटत नाही. थिअरी म्हणजे रुग्णाकडे काय बघायचं, याची शिस्त, असं माझं ठाम मत आहे. पण नुसत्या मतानं मुलींना पटायचं नाही. म्हणून विचारते: उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, मेळघाट, गडचिरोली, जिथं असाल तिथला अनुभव सांगा. कोणती थिअरी तुमच्या हाताला खरोखर लागली?

कोरांटी
वाचते आहे. चांगला विषय.

रात्रपाळी
ताई, मी मेल नर्स, जिल्हा रुग्णालयात. विषय चांगला आहे पण आधी संख्या बोला. केंद्राच्या जुन्या स्टाफ निकषात जनरल वॉर्डला सहा खाटांमागे एक परिचारिका धरली आहे. रात्री माझ्याकडे किती पेशंट असतात ते इथे लिहीत नाही, पण सहा नक्कीच नसतात. दोन सलाईन संपायला आल्यात, एक नवीन ॲडमिशन, तिकडे नातेवाईक ओरडतोय. त्या वेळी ओरेम की हेंडरसन (रुग्णाच्या चौदा गरजा सांगणाऱ्या) हा प्रश्न मला पडतच नाही. संख्या द्या, मग थिअरी मागा.

इंदूमावशी
मी निवृत्त पाठ्यनिर्देशिका. आयुष्यभर फाउंडेशन्स, म्हणजे नर्सिंगची मूलतत्त्वं शिकवली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

रात्रपाळी, तुमचं दुखणं खरं आहे. पण आपल्या विषयाची सुरुवातच संख्येनं झाली आहे. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात नाइटिंगेलबाई ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा जास्त पटकी, हगवण आणि टायफसनं मरत होते. इमारतीखाली तुंबलेली गटारं, कोंदट हवा, एका अंथरुणाला लागून दुसरं. १८५५ च्या वसंतात सॅनिटरी कमिशननं गटारं उपसली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. परत गेल्यावर बाईंनी हे आकडे रंगीत आकृत्यांतून सरकारपुढे मांडले. हातात दिवा घेतलेली बाई आपण भिंतीवर लावतो. हातात मृत्यूचे तक्ते घेतलेली बाई मुलींना जास्त दाखवायला हवी. १८६० ला सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली ती त्यानंतर.

त्यांची थिअरी मी मे महिन्यात शिकवायची. निसर्गाला बरं करू द्यायचं असेल तर रुग्णाच्या भोवतालची मांडणी नीट करा: हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता, आहार. मुली लगेच म्हणायच्या, "खिडकी उघडी ठेवा." मी म्हणायचे, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर असताना दुपारी खिडकी उघडाल तर पेशंट भाजून निघेल. पहाटे उघडा, ऊन चढायच्या आत बंद करा, पडदा ओला करा, पत्र्याखालचा पलंग सरकवा, म्हाताऱ्या पेशंटच्या तांब्यात पाणी आहे का ते दर राउंडला बघा. खिडकीचा नियम विलायतेच्या हवेसाठी होता. त्यामागचं तत्त्व आपल्या पत्र्याखालीही चालतं. हे ज्या मुलीला कळलं तिला नाइटिंगेल कळल्या.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, मी काई नर्स नाई, कास्तकार आहो. पन बोलतो. २०१७ च्या फवारनीच्या टायमाले आमच्या जिल्ह्यात लय लोकायले विषबाधा झाली, काही गेले बी. माह्या चुलतभावाले मोटारसायकलवर मधात बसवून नेलं. तिथं पोचलो तं सिस्टरनं पयले त्याचे कपडे कापून फेकले अन साबन-पान्यानं आंग धुतलं, डोस्क्याचे केस बी. मले वाटलं, मानूस मरून रायला अन हे बाई आंघोळ काय घालून रायली! ते म्हने, "भाऊ, औषध कपड्यात अन कातडीवर हाय, तिथून आत जाऊनच रायलं. पयले थे थांबवू द्या."

मंग रातभर डोयाची बाहुली पाहे, नाडी मोजे, छातीले नळी लावून आयके, तोंडातली लाळ काढे. सुया चालूच. भाऊ बरा झाला. आता सांगा, याच्यात कोनती थेअरी?

रात्रपाळी
दादा, त्या सुया ॲट्रोपिनच्या, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याच्या. लाळ आणि छातीतला घरघराट आटोक्यात येईपर्यंत मात्रा बघून बघून द्यावी लागते. कमी पडली तर पेशंट स्वतःच्याच स्रावात बुडतो, जास्त झाली तर बरळतो, ताप चढतो. डॉक्टर ऑर्डर लिहितात. दर थोड्या वेळानं बघणारे डोळे मात्र नर्सचे. त्या सिस्टरला माझा सलाम.

इंदूमावशी
आणि थिअरी विचारलीत तर हीच ती ओरेमची. भाऊ बेशुद्धीत असताना त्याचं सगळं सिस्टरनं केलं, ही पहिली पायरी. शुद्धीवर आल्यावर पाण्याचा पेला त्यानं धरला असेल, उठायला तिनं हात दिला असेल, ही दुसरी. आणि घरी जाताना हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याची दिशा, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे हे समजावलं असेल तर ती तिसरी, शिकवण्याची आणि पाठीशी राहण्याची. माणूस स्वतःची काळजी कितपत घेऊ शकतो ते मोजायचं, आणि उरलेली तूट तेवढीच आपण भरायची. आजीला संडासापर्यंत धरून नेणारं माणूस मिळालं असतं तर पाण्याची तूट आपोआप भरली असती.

वऱ्हाडी_ठेचा
तिसरी पायरी नाई झाली मावशी. डिस्चार्जचा कागद देल्ला अन धाडलं. पुढच्या हंगामात थो पुन्हा तसाच बनियनवर फवारे. म्याच रागवलो त्याले.

पळसफूल
दादा, हे फार मोलाचं बोललात. मी मुलींना हेच वाचून दाखवणार. अर्धी थिअरी वापरली की पेशंट पुन्हा त्याच दारानं येतो.

दुसरं_वर्ष
मी बीएस्सी नर्सिंगला आहे, बुलढाणा जिल्ह्यातून. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आम्हाला थिअरी नकोशा वाटत नाहीत, इंग्रजी व्याख्या जशीच्या तशी लिहायची सक्ती नकोशी वाटते. इंदूमावशींनी आत्ता पाच ओळीत जे सांगितलं ते मला पूर्ण सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं. पेप्लाऊंची नर्स-रुग्ण नात्याची थिअरी पण सांगाल का? चार टप्पे पाठ आहेत, पण त्यांचं करायचं काय ते माहीत नाही.

अंबानगरी
थोडं अवांतर, पण इतिहासावर कुणी बोलेना म्हणून. आमच्या अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही सगळे डफरीनच म्हणतात. १८८५ चा लेडी डफरीन फंड बायकांना बायकांकडून उपचार मिळावेत म्हणून निघाला आणि त्यातून डॉक्टरांबरोबर नर्स व सुईणींच्या शिक्षणालाही पैसा मिळाला. पण चांगल्या घरच्या मुली या कामाला पाठवायच्या नाहीत, ही आपली पद्धत. परक्याचं अंग पुसायचं, भांडं उचलायचं, तेही सगळ्या जातींचं! त्यामुळे मिशनच्या शाळांतल्या मुलींनी ही जागा भरली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदननं विधवा आणि गरजू बायकांना या शिक्षणाची वाट दाखवली, हे धाडसच होतं. आणि त्याआधी १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना गेल्या.

मला वाटतं, आपल्याला परदेशी थिअरींची गरज नाही. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन जे केलं त्यात नाइटिंगेल पूर्ण आल्या.

वैनगंगा
अंबानगरी, बाबांबद्दल आदर पूर्ण आहे, पण तुमच्याशी सहमत नाही. सावित्रीबाई आणि गाडगेबाबा यांनी समाजाचं ऋण फेडलं. व्यवसाय ही वेगळी गोष्ट आहे. व्यवसायाला शिक्षण लागतं, नोंदणी लागते, चुकलं तर जाब द्यावा लागतो आणि पगारही लागतो. आपल्याकडे "सिस्टर म्हणजे त्यागमूर्ती" म्हणून हार घालतात आणि कंत्राटी मुलीचा पगार महिनोन्महिने थकवतात. १२ मे ला परिचारिका दिनाचं भाषण, १३ मे ला डबल ड्यूटी. मला हा गौरव नको, कामाला काम म्हणा.

रात्रपाळी
वैनगंगा +१००

अंबानगरी
कंत्राटी पगाराचा मुद्दा मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही. परकं वाटलं की मुली पाठ करतात, आपलं वाटलं की वापरतात. शिकवताना गाडगेबाबांपासून सुरुवात करून नाइटिंगेलपर्यंत गेलं तर काय बिघडतं?

इंदूमावशी
काही बिघडत नाही. मी सेवाग्रामही सांगायचे. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग, लोक लांब राहायचे, आणि गांधीजी स्वतः त्यांचं अंग चोळत. स्पर्श हा उपचाराचा भाग असतो, हे मुलींना त्यातून चटकन कळतं. मात्र वैनगंगाचं म्हणणंही वर्गात सांगायलाच हवं. आपल्याकडे १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन झाली, १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. बायकांनी चिकाटीनं मागून हे घेतलं आहे.

सिपना
मेळघाटातून लिहिते, आरोग्य सेविका आहे. रेंज येते-जाते म्हणून उशीर.

मला लागलेली थिअरी लायनिंगरबाईंची. त्या नर्स होत्या आणि मानववंशशास्त्रही शिकल्या होत्या. पापुआ न्यू गिनीत गादसुप लोकांत राहून त्यांनी बघितलं की काळजी घ्यायची रीत जागोजागी वेगळी असते. त्यांनी तीन वाटा सांगितल्या: लोकांची जी रीत चांगली ती जपा, जिथे जमेल तिथे मधला मार्ग काढा, आणि जी घातक ती लोकांसोबत बसून बदला.

आमच्याकडे कोरकू घरात बाळाचं पोट फुगलं की डंबा देतात, म्हणजे तापलेल्या विळ्यानं पोटाला चटके. नवी आलेली सिस्टर हे बघून ओरडते, पोलिसांची धमकी देते. मग काय होतं? पुढचं बाळ ते दाखवायलाच आणत नाहीत. मी भुमकाकडे, म्हणजे गावच्या भगताकडे गेले, कारण गाव त्याचं ऐकतं. त्याच्या पूजेला, धाग्याला माझी ना नाही, ती पहिली वाट. बाळ आजारी झालं की तुझी पूजा आणि माझी तपासणी एकाच दिवशी, ही दुसरी. विळा मात्र नाही, ही तिसरी, आणि तिला फार वेळ लागला. आता तो स्वतः निरोप पाठवतो की अमक्याच्या बाळाचं पोट बघून जा. सगळ्या गावांत असं झालंय असं म्हणत नाही. शेजारच्या गावात परवाच चटक्याचं बाळ आलं, मला रात्रभर झोप आली नाही.

थिअरी माहीत नसती तर मीही धमकीच दिली असती. म्हणून मी ती मानते.

कोरांटी
सिपनाताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, तुमच्या पायाले हात लावतो.

उंबरठा
मला एक शंका. मी नर्स नाही, शिक्षक आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी केले म्हणतात. गावची बाई हे करू शकते तर चार वर्षांचं बीएस्सी कशाला?

वैनगंगा
सर, चांगला प्रश्न. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं ते काम ३९ गावांत झालं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. आरोग्यदूत बाई घरी जाऊन वजन करायची, श्वास मोजायची, बाळ ऊबेत ठेवायला शिकवायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध-इंजेक्शन द्यायची. पण तिला काय बघायचं ते नेमकं शिकवलं होतं, तिचं काम नियमित तपासलं जायचं आणि प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद व्हायची. म्हणजे निरीक्षण, नोंद, देखरेख. नर्सिंगचा पाया यापेक्षा वेगळा नाही. आरोग्यदूत असली की नर्स नको असं होत नाही. तिला शिकवायला, तिच्या पाठीशी उभं राहायला आणि तिच्या आवाक्याबाहेरचं बाळ हातात घ्यायला शिकलेली नर्स लागते.

शिक्षण कापलं की काय होतं ते आपण बघितलंय. एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा) कोर्स आधी दोन वर्षांचा होता. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर त्याच बाईला बहुउद्देशीय कार्यकर्ती केलं आणि कोर्स दीड वर्षावर आणला. कामं वाढली, बाळंतपणाचा हात कमी झाला. पुढे पुन्हा दोन वर्षं करावी लागली. सपाट भागात पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आणि सारा भार त्या एकीवर. हल्ली समुदाय आरोग्य अधिकारी आल्यामुळे थोडा हलका झालाय, काही ठिकाणी तर बीएस्सी झालेल्याच मुली त्या पदावर आहेत आणि बीपी-शुगरच्या पेशंटला नावानं ओळखतात.

माझ्या हाताला लागलेली थिअरी विचाराल तर हेंडरसनच्या चौदा गरजा. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) कळ आलेली पोरगी दाखल होते. पेनकिलर, सलाईन डॉक्टर लिहितात. मी चौदा गरजांची यादी मनात फिरवते. पाणी पुरेसं? अंग उबदार? कारण पाणी कमी पडलं, थंडी लागली की कळ वाढते. झोप लागली का? शाळा किती बुडाली? आणि सगळ्यात आधी, दुखतंय म्हणते ते कुणी खरं मानतं का? अशा पोरींना "नाटक करते" म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. दुखणं खरं मानणं ही नर्सची पहिली कृती आहे.

पळसफूल
दुसरं_वर्ष, तुझ्या पेप्लाऊचं राहिलं होतं.

हिल्डगार्ड पेप्लाऊंनी १९५२ मध्ये म्हटलं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचार आहे. आमच्या जिल्ह्यात विष घेतलेले शेतकरी येतात. जीव वाचला की सगळ्यांना वाटतं काम झालं. मला वाटतं, नर्सचं निम्मं काम तिथून सुरू होतं. पहिल्या टप्प्यात तू त्याला अनोळखी आहेस. नातेवाइकांच्या गराड्यात "का केलं असं?" विचारू नको. नाव सांग, पुन्हा किती वाजता येशील ते सांग, आणि त्या वेळेला जा. दुसऱ्या टप्प्यात तो तुला ओळखू लागतो, वाट बघतो. तिसऱ्यात तो तुझा उपयोग करून घेतो: कर्जाचं बोलतो, झोपेचं बोलतो, बायकोला बोलावून आण म्हणतो. तेव्हा त्याला मानसोपचार विभागाशी जोडून दे, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर घरच्यांच्याही मोबाइलमध्ये टाक. चौथ्यात नातं नीट सोडायचं, त्याच्या गावच्या आशाताईला सांगून. हे चार टप्पे एका माणसाच्या नावासह लिही, मार्कांची चिंता नको.

रात्रपाळी
ताई, मनापासून वाचलं. पण "अमक्या वाजता येईन" म्हटलं आणि एका नर्सवर आख्खा वॉर्ड असला तर ती वेळ पाळता येत नाही. त्या माणसाचा विश्वास तुटतो. मी पुन्हा संख्येवरच येतो.

इंदूमावशी
यायलाच हवं. आणि इथंच थिअरी तुमच्या बाजूनं उभी राहते. "कामाचा ताण आहे" असं तोंडी सांगितलं तर वरचे ऐकून सोडून देतात. त्याऐवजी हँडओव्हरच्या वहीत रोज लिहा: आज कोणत्या पेशंटला कूस बदलून देता आली नाही, कुणाची व्हायटल्स (नाडी, ताप, बीपी) वेळेवर झाली नाहीत, कुणाला डिस्चार्जचं शिक्षण न देता घरी पाठवावं लागलं. तारीख, वेळ, सही. महिन्याचा गोषवारा परिसेविकेमार्फत (वॉर्डप्रमुख) अधिसेविकेकडे (मेट्रन). काय करायला हवं होतं हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच काय राहून गेलं ते लिहिता येतं. स्कुटारीच्या आकड्यांनी हेच केलं.

रात्रपाळी
हे करून बघण्यासारखं आहे. सहकाऱ्यांशी बोलतो. एकटा लिहीन तर माझीच बदली, सगळ्यांनी लिहिलं तर दखल घ्यावी लागेल.

(अवांतर: आमच्या वॉर्डातली एक आजी मला "सिस्टरभाऊ" म्हणते. मला ते फार आवडतं.)

कोरांटी
सिस्टरभाऊ! हेच नाव घ्या इथे.

उंबरठा
२०२३ चा नवा कायदा आलाय ना? त्यानं काही बदलेल?

वैनगंगा
राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा. १९४७ च्या कौन्सिलच्या जागी आयोग, राज्यांत राज्य आयोग, देशभर एक चालती नोंदवही. कॉलेजांची तपासणी कडक झाली तर आनंदच. नियमात कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय लागतं. तिथे खाटा असतात, पेशंट असतात का ते तपासणाऱ्यानं बघावं. आमच्याकडे पोस्टिंगला आलेल्या काही मुलींनी दुसऱ्या वर्षापर्यंत बाळंतपण पाहिलेलंही नसतं. त्यात मुलींचा दोष नाही, फी तर त्यांच्या बापांनी वावर गहाण ठेवून भरलेली असते.

पळसफूल
सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय ते सांगते. पुढच्या बॅचपासून एका मुलीला एकच पेशंट, पण पूर्ण मुक्कामाचा. केअर प्लॅन आधी मराठीत, पेशंटच्या शब्दांत, मग कॉलेजसाठी इंग्रजीत. थिअरी तिनंच निवडायची आणि हीच का, ते मला तोंडी सांगायचं. सिपनाताई, आमच्याकडे कोलाम आणि गोंड पेशंट येतात, त्यांच्यासाठी तुमच्या तीन वाटा वापरू.

दुसरं_वर्ष
ताई, त्या मराठी केअर प्लॅनचा तक्ता इथे टाकाल का? आमच्या वर्गात पण दाखवते.

पळसफूल
रविवारी टंकून टाकते. साधाच आहे: पेशंट काय म्हणतो, मला काय दिसलं, अडचण काय, काय करायचं, केलं ते किती वाजता, आणि फरक पडला का. शेवटचा रकाना मुली नेहमी "रुग्णास आराम पडला" असं लिहून मोकळ्या होतात. तसं चालणार नाही. किती पाणी प्यायली, किती पावलं चालली, कळ दहापैकी कितीवर आली, ते लिहायचं.

सिपना
त्यात एक रकाना वाढवा ना: घरी कोण आहे आणि कुणाचं ऐकतात. आमच्याकडे त्यावाचून पुढचं काहीच जमत नाही.

पळसफूल
वाढवते. पहिलाच ठेवते तो.